रंगवलेल्या कुंड्या



गेल्या गुरुपौर्णिमेला आम्ही इंदूरच्या सेवेकरी बायकांनी 40 घरी तुळशीची रोपं दिली. कुंड्या मातीच्याच घेतल्या, पण कोरी कुंडी काय द्यायची, म्हणून आतून-बाहेरून ऑइल पेंट मारला, वर स्वस्तिक, कमळं. ग्रुपवर फोटो टाकले, खूप कौतुक झालं. भाद्रपद लागेपर्यंत निम्म्याहून जास्त तुळशी गेल्या.

तेव्हा आम्ही काय म्हणालो? "लोक लक्षच देत नाहीत." एका काकूंना तर तोंडावर म्हणालो. त्या रोज आंघोळ करून पाणी घालत होत्या, आम्हीच सांगितलं होतं तसं. काकू एवढंच बोलल्या, "माझ्या हातून तुळससुद्धा टिकत नाही." काकांना जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. दारची तुळस वाळली की बाईच्या मनात काय काय येतं, ते आपल्याला ठाऊक आहे.

पुढे आमच्यातल्या एकीने आपली मेलेली तुळस उपडी करून पाहिली. मातीचा चिखल, कुबट वास, मुळं काळी पडलेली, बोट लावलं की सुटून येणारी. मुळांनाही हवा लागते हो! भाजलेल्या कोऱ्या कुंडीच्या अंगाला बारीक छिद्रं असतात. त्यातून ओल झिरपून उडून जाते, हवा आत येते. जुन्या कुंडीवर बाहेरून पांढरे क्षार दिसतात, ते त्याचमुळे. आम्ही ती छिद्रं रंगाने बुजवली, म्हणजे मातीची कुंडी घेऊन तिचं प्लॅस्टिक केलं. त्यात पावसाळा, आणि वर रोजचं तांब्याभर पाणी.

आता आमच्यात दोन मतं आहेत. काहीजणी म्हणतात, भाव शुद्ध होता, अजाणता झालं, सोडून द्या. रंगाचं खरंच अजाणता झालं. पण कुंडीत बोट घालून न बघता काकूंना दोष दिला, ते अजाणता कसं म्हणायचं? तिथे आम्हाला आमची सेवा वाचवायची होती.

यंदा कुंड्या कोऱ्याच देणार, फार तर गेरूचा हात. काहींना कापडी ग्रो बॅग देऊ. तिच्यात मुळाचं टोक कडेच्या हवेला आलं की सुकतं आणि मागून नवी मुळं फुटतात, प्लॅस्टिकसारखी गोल गोल फिरत बसत नाहीत. दोन्हींना उन्हाळ्यात पाणी जास्त लागतं, हेही देतानाच सांगायचं.

पहिली कुंडी काकूंकडे जाईल. सगळ्यांनी जायचं की दोघींनीच, ते ठरायचंय. "तुमची चूक नव्हती" हे मात्र दारातच सांगायचं, चहा व्हायची वाट न बघता.