आख्खा डोंगर

"काय होतंय?" हा जगातला सर्वांत अवघड प्रश्न आहे. दवाखान्याच्या बाकावर तासभर बसून मी उत्तराची उजळणी केलेली असते : छातीत जळजळ, तीन दिवस, जेवणानंतर. पण डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं, की माझी गाडी गेल्या महिन्यातल्या एका लग्नापासून सुटते. तिथल्या मठ्ठ्यावरून गुडघ्यावर, गुडघ्यावरून जिन्यावर... "काका, मुद्द्याचं बोला!" आणि नेमका तिथेच मुद्दा हरवतो.

मी राहतो द्रोणागिरीला, उरणजवळ. हनुमंत संजीवनीचा पर्वत नेत असता त्याचा एक तुकडा इथे पडला, असं आमच्याकडे सांगतात. समोरच्या त्या डोंगराकडे पाहिलं, की मला मारुतीत पेशंटाचा घाबरलेला नातेवाईक दिसतो. नेमकी मुळी कोणती ते कळेना, म्हणून बिचाऱ्याने आख्खा डोंगरच वैद्यापुढे आणून ठेवला! आम्ही तरी दुसरं काय करतो? कामाचं काय आणि बिनकामाचं काय हे कळलं असतं, तर आम्हीच पाटी लावून बसलो नसतो? पण "एवढं कशाला आणलंस?" असं सुषेण वैद्य म्हणाल्याचं ऐकिवात नाही. त्याने मुकाट्याने मुळी शोधली.

अमेरिकेत बेकमन आणि फ्रँकेल या दोघांनी १९८४ साली मोजून पाहिलं. पेशंटाने तोंड उघडल्यावर डॉक्टर त्याला सरासरी १८ सेकंदांत अडवत होते. १८ सेकंदांत माझा मठ्ठासुद्धा येत नाही! अर्थात डॉक्टरांचीही बाजू आहे. बाहेर वीस माणसं खोकत असताना माझं लग्नपुराण त्यांनी किती ऐकावं?

त्या दिवशी "काही नाही हो, काळजी करू नका" म्हणत त्यांनी चिठ्ठी हातात दिली. मी दारापर्यंत गेलो. एक चप्पल पायात घातली आणि म्हणालो, "ते... आमचे दादा असेच छातीत दुखून गेले."

"वय काय होतं त्यांचं?"

"अठ्ठावन्न."

"आणि तुमचं?"

मी काही बोललो नाही. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "बसा काका." मग म्हणाले, "काही नाही असं मी उगीच म्हणालो. अजून मला माहीत नाही. आपण पाहू."

गंमत बघा, "काळजी करू नका" ऐकून माझी काळजी तसूभर हलली नव्हती. "मला माहीत नाही" ऐकून मात्र जीव खाली बसला. खोटा धीर म्हणजे नुसतं झाकण. आत उकळी चालूच राहते. धीर द्यायचा म्हणून डॉक्टरांनी खोटं बोलावं का, यावर पंडितांनी खुशाल वाद घालावा. मला वाटतं, आधी पेशंटाला नेमकी भीती कसली वाटते ते विचारावं. मग खोट्याची गरज बहुधा उरत नाही.

ईसीजी चांगला आला. पित्त निघालं.

"पित्तासाठी एवढा वेळ?" घरी आल्यावर ही म्हणाली. "काय करत होतात इतका वेळ?"

"डोंगर उतरवत होतो," मी म्हणालो.