न निघणारा एक्सल

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



या वेळी लिहायची पाळी माझी. ताईंनी विषय दिला होता 'नामस्मरणातलं सातत्य'. पण लिहायला बसले की गेले आठ दिवस घरात जे चाललं होतं तेच डोळ्यांपुढे यायचं. म्हणून विषय बदलतेय, ताईंनी रागावू नये. विषय आहे मोटारसायकलच्या मागच्या चाकाचा एक्सल. हसू नका. भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूत यदुराजाला आपले चोवीस गुरू सांगतो, त्यात अजगर आहे, मधमाशी आहे, बाण करणारा कारागीरही आहे. याच स्कंधावरची टीका नाथमहाराजांनी १५७३ साली काशीत पूर्ण केली. अवधूताला अजगर चालतो, तर मला एक्सल चालायला काय हरकत आहे?

आमच्या सेलरमध्ये मामंजींची जुनी मोटारसायकल आहे. मामंजी रेल्वेत होते, काचीगुडा स्टेशनवर. रोज सकाळी ते गाडी पुसायचे, रविवारी पाना घेऊन बसायचे. ते गेल्यावर गाडी आमचे हे भाजी आणायला, सेवेचं धान्य गोळा करायला वापरतात. पावसाळ्यात सेलरमध्ये पाणी शिरतं. एकदा तर दोन दिवस अर्ध्या चाकापर्यंत होतं. पाणी ओसरलं, गाडी चालू झाली, आम्ही विसरलो.

गेल्या आठवड्यात मागचं चाक पंक्चर झालं. लेक म्हणाला, आई, दुकानात कशाला, मी मोबाइलवर बघितलंय, घरीच चाक काढतो. नट निघाला. एक्सल मात्र जागचा हलेना. लेकाने हातोडा घेतला आणि आट्यांच्या टोकावर ठणाठण सुरू केलं. एक्सल सुईच्या टोकाएवढाही सरकला नाही, उलट ते टोकच चेपून फुगलं. म्हणजे आता सुटला तरी भोकातून बाहेर कसा येणार? लेक घामाघूम, हे वरून ओरडतायत, आणि मी मधे.

कोपऱ्यावरचे पंक्चरवाले चाचा येऊन बघून गेले. म्हणाले, "अम्मा, मारने से नै होता. तेल डालो, सबर करो, फिर घुमाओ." तेल घाला, धीर धरा, मग फिरवा. एवढं बोलून चहा पिऊन गेले.

आता जरा शिकल्याचा उपयोग करते. कोठीच्या विमेन्स कॉलेजातली मी बी.एस्सी., विषय केमिस्ट्री. लोखंडाला पाणी आणि हवा लागली की गंज होतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, हे लक्षात राहत नाही. एक्सल आणि त्याच्यावरच्या नळीत केसाएवढी फट असते. तिथे पाणी शिरलं, गंज फुगला, फट भरली, की दोन्ही तुकडे एकमेकांना आवळून बसतात. अशा वेळी टोकावर ठोकलं तर मार सगळा आट्यांना बसतो.

आणि मला रात्रभर झोपू दिलं नाही ती गोष्ट पुढेच आहे. एक्सल जाम झाला तरी चाक फिरतच असतं! एक्सल मुळात फिरत नाही. तो स्थिर असतो, चाक बेअरिंगवर त्याच्याभोवती फिरतं. म्हणून चार वर्षं ती गाडी भाजी आणत होती, धान्य आणत होती, कुणाला काही कळलं नाही. कळलं केव्हा? तर चाक सोडवायची वेळ आली तेव्हा.

माझंही चार वर्षं तसंच चाललंय. गुरुवारची आरती चुकली नाही, पारायणं झाली, अन्नदानाचा हिशेब मी ठेवते. चाक छान फिरतंय. आणि बरकतपुऱ्यात राहणाऱ्या माझ्या धाकट्या जावेशी मी चार वर्षांत एक शब्द बोललेले नाही.

कारण सांगायलाच हवं, नाहीतर हे लिहिणं खोटं होईल. सासूबाई गेल्या, तेराव्याला त्यांच्या पाटल्यांचा विषय निघाला. शेवटचे आठ महिने त्यांचं सगळं जावेनं केलं होतं, मी गुरुवारी जाऊन बसून यायची. आणि सगळ्या पाहुण्यांसमोर मी म्हणाले, "सेवा केली की मोबदला घ्यायचा असतो, हे आम्हाला शिकवलं नव्हतं." सेवेवर प्रवचनं ऐकून ऐकून हे वाक्य मी तयार केलं होतं. ती काही बोलली नाही. पाटल्या माझ्याच कपाटात आहेत.

लेक म्हणाला, "आई, आजोबांची पेटी असती तर झालं असतं." पेटी म्हणजे मामंजींची हत्यारांची पत्र्याची पेटी. त्यात लांब दांड्याचा रिंग पाना आहे, पितळेचा पंच आहे. वाटण्या झाल्या तेव्हा ती भावजींकडे गेली. ह्यांनी फोन करायला साफ नकार दिला. पुतळीबावडीला जाऊन नवा पाना आणता आला असता, मी तसं म्हणालेही. मग देवघरात दिवा लावताना हात थांबला. फोन मीच केला.

फोन जावेनं उचलला. मला काय बोलावं सुचेना. म्हटलं, "एक्सल जाम झालाय." पलीकडे बराच वेळ शांत. मग ती म्हणाली, "ह्यांना पाठवते."

भावजी संध्याकाळी पेटी घेऊन आले. "वहिनी, जुनं फडकं द्या" एवढंच बोलले. त्यांनी आधी चाकाखाली लाकडाचा ठोकळा सरकवला, म्हणजे चाकाचं वजन एक्सलवर राहू नये. चेपलेलं टोक कानशीनं घासून नीट केलं. दोन्ही बाजूंनी गंज सोडवणारं तेल थेंबथेंब सोडलं. लेक भसाभस स्प्रे मारायला निघाला होता, त्याला थांबवलं, कारण तेल ब्रेकच्या लायनरला लागलं तर चाक निघेल पण गाडी थांबायची नाही. मग हात पुसून म्हणाले, "आता उद्या."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेल, पुन्हा उद्या. ह्यांचा जीव वरखाली, पण भावाला चहा स्वतः नेऊन दिला. तिसऱ्या संध्याकाळी भावजींनी एक्सलच्या डोक्याला रिंग पाना लावला आणि किंचित पुढे, किंचित मागे असं करत राहिले. बराच वेळ काही नाही. मग "कट्" असा आवाज झाला. लेक ओरडलाच. मग नट टोकाच्या बरोबरीला येईल इतका परत चढवला, म्हणजे आट्यांना मार बसू नये, आणि त्यावर लाकूड ठेवून हलकेच ठोकलं. थोडा सरकल्यावर नट काढून पितळी पंचानं पुढे ढकलला. एक्सल बाहेर आला तो विटकरी रंगाचा, ब्रेक प्लेटपाशी नुसता पापुद्र्यांचा थर. भावजी म्हणाले, हा परत घालू नका, नवा घ्या, आणि घालताना वरून ग्रीसचा पातळ हात द्या. दर वर्षी एकदा काढून पुसायचा. बाबा पुसायचे.

नवा एक्सल बसला. नट हवा तेवढा घट्ट आहे का, चेन सरळ आहे का, ते मेकॅनिककडून तपासून घेतलं. ज्यांच्या घरी मुलं असे उद्योग करतात त्यांनी एवढं जरूर करावं, मागच्या चाकाचा प्रश्न आहे.

माझ्या बाजूचं सांगायचं तर ठोकून काही होणार नाही हे मला कळलंय. दुसऱ्याच दिवशी पाटल्या घेऊन जावेच्या दारात उभं राहायचं मनात होतं. पण तेही ठोकणंच झालं असतं, माझं मन मोकळं व्हावं म्हणून तिच्यावर घातलेला घाव. म्हणून आधी फोन केला. म्हटलं, तेराव्याला मी जे बोलले ते वाईट बोलले, चूक माझी होती. ती म्हणाली, "हं." बाकी काही नाही. गुरुवारी आरतीला ये म्हटलं, आली नाही. परवा पुन्हा फोन केला, तेव्हा तिनं लेकाच्या परीक्षेचं विचारलं.

पेटी अजून आमच्याकडेच आहे. भावजी म्हणाले, राहू दे, पुढच्या रविवारी पुढचं चाकही काढून बघू.

— एक सेविका, काचीगुडा