मुक्याचे दुखणे

माणूस आजारी पडला की वैद्य प्रथम विचारतो, काय होते? या प्रश्नाला उत्तर न देणारे रोगीही जगात आहेत. तान्हे मूल निदान रडते, बैल हंबरतो. माशाला तेवढेही साधत नाही. तो तळाशी जाऊन बसतो, एवढेच.

गेल्या चैत्रात माझ्या काचेच्या टाकीतले दोन सोनमासे असे तळाशी बसले. पर अंगाला मिटलेले, कल्ल्यांची उघडझाप भराभर, आणि दाणा टाकला तरी वर येण्याची इच्छा नाही. मी मूळचा बीदरचा. निवृत्तीनंतर मुलाकडे शहाबादेस राहावयास आलो तेव्हा हा संसार बरोबर आणला होता. बीदरला मासे चार वर्षे सुखात होते. 'हवापाणी मानवले नाही', असे आपण माणसांविषयी म्हणतो तसे मी त्यांच्याविषयी म्हणालो आणि मोकळा झालो. ते वाक्य किती शब्दशः खरे होते, हे मला नंतर कळावयाचे होते.

दुकानातून औषधाची बाटली आणली. पाणी गर्द निळे झाले आणि मासे दिसेनासे झाले. खरे सांगायचे तर ते दिसत नाहीत याचे मला थोडे हायसेच वाटले. तिसऱ्या दिवशी मोठा मासा एका कुशीवर कलला, तेव्हा मात्र माझे मन मला खाऊ लागले. त्या भरात मी सगळी टाकी उपसली, वाळू घासून कडक उन्हात वाळवली, गाळणीचा स्पंज पिळून तोही वाळत टाकला आणि बोअरचे ताजे पाणी काठोकाठ भरले. दुसऱ्या दिवशी सकाळी मोठा मासा मेलेला होता.

माझा एक जुना विद्यार्थी मंगळूरच्या मत्स्यमहाविद्यालयात शिकला आहे. (हे महाविद्यालय ज्या विद्यापीठाचे, ते मात्र आमच्या बीदरला, समुद्रापासून शेकडो मैल दूर!) त्याला फोन करून मी माशाची लक्षणे सांगू लागलो, तोच तो म्हणाला, "सर, मासा कसा आहे ते मागाहून सांगा. पाणी कुठले, टाकी केवढी, दाणा किती आणि कितीदा घालता?" मी उत्तरे देत गेलो. उलटतपासणी माझीच चालली आहे हे ध्यानात यावयास वेळ लागला नाही.

त्याने समजावले ते असे. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. तो विषारी. वाळूत आणि गाळणीत वस्ती करणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग पुष्कळसे निरुपद्रवी नायट्रेट करतात. घर हलवताना ही वस्ती मोडली होती. जी थोडी पुन्हा जमली असेल ती मी उन्हात वाळवून मारली. त्यातच पाणी बदललेले. बीदर वसले आहे जांभ्यावर. गोमंतकातल्या वाचकांना जांभा काय ते सांगावयास नको. त्या दगडातून झिरपलेल्या पाण्यात चुना फारसा नसतो. शहाबाद बसले आहे चुनखडीवर. येथली फरशी महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत पायांखाली असते. तोच दगड येथल्या पाण्यात विरघळलेला, म्हणून पाणी जड आणि अल्कधर्मी. पाण्याचा पीएच 7 वरून 8 वर गेला की तेवढ्याच अमोनियाचा खरा विषारी भाग जवळजवळ दसपट होतो. त्यात आमचा उन्हाळा. 20 अंशांना लिटरभर पाण्यात सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांना साडेसातच्या आसपास. माशाला रोग झालाच नव्हता. त्याला राहावयास जागा उरली नव्हती.

माशाला वेदना कळत नाहीत असे म्हणण्याची सोय पुष्कळ दिवस होती. 2003 साली लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउट माशांच्या डोक्यावर इजेची जाणीव घेणारे मज्जातंतू दाखवून दिले. ओठात अॅसिटिक आम्ल टोचलेले मासे तळाच्या खड्यांवर तोंड घाशीत आणि खाण्याकडे उशिरा वळत. परंतु मला सलते ते वेगळेच. औषध ओतले तेव्हा दोष माशाच्या अंगी आहे असे मला ठरवावयाचे होते. टाकी उपसली तेव्हा दोष माझा आहे हे मला धुऊन काढावयाचे होते. दोन्ही वेळा मी माझ्याच कामात गुंतलो होतो. न्यायालयात आरोपीला न्यायासनावर बसवीत नाहीत. पाळणारा मात्र आरोपीही असतो आणि निवाडाही तोच देतो.

येथे एक जुनी गोष्ट आठवते. औराद तालुक्यातल्या एका मराठी शाळेत मी शिकवीत असताना तांड्यावरचा एक मुलगा शेवटच्या रांगेत बसे. वर्षभर तो बोलला नाही. घरी त्याची भाषा लमाणी, वर्गात माझी मराठी, तीही पुस्तकी. मी त्याच्या प्रगतिपुस्तकात 'मंद व आळशी' असा शेरा लिहिला. पुढच्या वर्षी तो आला नाही. कोणत्या पाण्यात आपण त्याला सोडले आहे, हे मी स्वतःस विचारले नाही; शेरा लिहिणे सोपे होते, अक्षरही सुरेख आले होते. त्याचे पुढे काय झाले याचा शोध घेण्याचे धैर्य मला अजून झालेले नाही.

धाकटा मासा अजून आहे. विद्यार्थ्याने सांगितल्याप्रमाणे रोज चौथा हिस्सा पाणी काढतो आणि तेवढेच ताजे, त्याच उष्णमानाचे, हळूहळू घालतो. दाणा बंद आहे. औषध नाही. रोज दहा मिनिटे टाकीसमोर नुसता बसून त्याच्या कल्ल्यांची उघडझाप मोजतो. काल संध्याकाळी ती थोडी मंदावली होती. पण तो तळाशीच होता. निळी बाटली फडताळात तशीच आहे, आणि मोजता मोजता माझी नजर दोनदा तिकडे गेली.