व्हायकिंगांचे गावदेव

महाशिवरात्रीनंतर महाडला वीरेश्वर महाराजांचा छबिना भरतो. आसपासच्या गावांतून पालख्या आणि सासनकाठ्या येतात, विन्हेऱ्याच्या झोलाई देवीची वाट पाहिली जाते. त्या गर्दीत सृष्टीच्या उत्पत्तीची चर्चा कोणी करत नाही. पाऊस, गुरे, लेकरे, दुखणीखुपणी एवढेच गाऱ्हाणे असते. व्हायकिंगांचा धर्म समजून घ्यायला रक्ताळलेल्या सिनेमांपेक्षा हे ठिकाण कितीतरी चांगले.

आठव्या ते अकराव्या शतकातले हे उत्तर युरोपातले लोक बहुतेक शेतकरीच होते. ब्रेमेनच्या अ‍ॅडम नावाच्या पाद्र्याने अकराव्या शतकात स्वीडनमधल्या उप्सालाच्या देवळाचे वर्णन केले आहे. मध्ये थोर, दोन्ही बाजूंना ओडिन आणि फ्रे. रोगराई किंवा दुष्काळ आला की थोरला नैवेद्य, युद्ध असेल तर ओडिनला, लग्नकार्य असेल तर फ्रेला. अ‍ॅडमने हे ऐकून लिहिले आणि तो परधर्मी होता, म्हणून त्यातला शब्दन्‌शब्द खरा धरता येत नाही. पण देवांमधली कामांची ही वाटणी कोकणातल्या माणसाला परकी वाटणार नाही.

राखणदारही परका नाही. आइसलँडच्या जुन्या कायद्यात असे होते म्हणतात, की किनारा दिसू लागला की जहाजावरचे जबडा वासलेले लाकडी मुंडके काढून ठेवायचे. नाहीतर त्या भूमीचे रक्षक बिथरतील. महाड-पोलादपूरच्या डोंगरवाड्यांत शिवेवरच्या देवाला नारळ-कोंबड्याची राखण देणाऱ्याला हा कायदा समजावून सांगावा लागणार नाही.

या धर्माला एक ग्रंथ नव्हता, ठरलेला धर्मसिद्धांत नव्हता. नवा देव आला तरी जुन्याला घरातून काढायची घाई नसे. डेन्मार्कमध्ये सापडलेल्या दहाव्या शतकातल्या एका दगडी साच्यात थोरचा हातोडा आणि ख्रिस्ताचा क्रूस दोन्ही ओतता येत.

मग हा धर्म गेला कसा? आइसलँडमध्ये तो सभेत गेला. इ.स. 1000च्या सुमारास आल्थिंग या लोकसभेत दोन तट पडले. निवाडा थोरगेर या कायदेपंडिताकडे आला. तो स्वतः जुन्या देवांचा. तो पांघरूण घेऊन दिवस-रात्र पडून राहिला आणि उठून म्हणाला, कायदा एकच हवा, सगळ्यांनी ख्रिस्ती व्हावे. घरात गुपचूप जुनी पूजा करायला मुभा राहिली, तीही पुढे काढून घेतली गेली.

देव गावाचा असतो, तेव्हा गाव कोणाचे हा प्रश्न त्याला चिकटूनच येतो. आइसलँडमध्ये पूजेचा आणि न्यायाचा मान बहुधा एकाच सरदाराकडे असे. महाडला या प्रश्नाचे रूप फार कठोर होते. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा पसरवली गेली आणि त्यांच्यासोबत आलेल्या, घरी परतणाऱ्या लोकांना मारहाण झाली. छबिन्याचे कौतुक करताना हा दिवस वगळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

उत्तरेच्या देवांच्या कथा आज सांगता येतात त्या मुख्यतः स्नोरी स्टुर्लुसन या आइसलँडवासीयामुळे. त्याने त्या 1220च्या सुमारास लिहिल्या, म्हणजे धर्म बदलून दोनशे वर्षे झाल्यावर, आणि तोही ख्रिस्तीच होता. तोवर गाऱ्हाणे घालणारे आवाज संपले होते. महाड-पोलादपूरला ते अजून आहेत. कोणती पालखी कोणत्या घरी थांबते, राखण कोणत्या महिन्यात दिली जाते, मान कोणाला आणि कोणाला तो कधीच मिळाला नाही, हे गावच्या गुरवाला आणि वाडीतल्या म्हाताऱ्यांना विचारून या वर्षीच वहीत उतरवून घ्या.