त्या १९२ मतांतलं एक

गणपतराव देशमुख गेल्याची बातमी आली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी आत्याला फोन केला. ती सांगोला तालुक्यात दिलेली. बराच वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "पंच्याण्णवला म्या आबासायबांना मत दिलं न्हवतं. कुणाला सांगू नगंस." (आता सांगतोय, ते तिला विचारूनच.)

३० जुलै २०२१ नंतरचे आठ दिवस वर्तमानपत्रं एकच गोष्ट सांगत होती. एकाच मतदारसंघातून, एकाच पक्षाचा, अकरा वेळा आमदार. आणि तरी एसटीनं फिरणारा माणूस. १९६२ ते २०१४ या काळात सांगोल्यानं शेकापच्या या माणसाला फक्त दोनदा घरी बसवलं. १९७२ साली, आणि मग १९९५ साली, अवघ्या १९२ मतांनी. म्हणजे ९७ जणांनी मत फिरवलं नसतं, तर निकाल उलटा लागला असता. त्या फिरलेल्यांत माझी आत्या होती.

एसटीचं कौतुक मला नेहमीच थोडं खटकतं. आमदार साधा राहतो, म्हणून गावाला पाणी येत नाही. साधेपणा हा त्याचा गुण झाला. मतदाराला त्यातून काय मिळालं, हा प्रश्न उरतोच. गणपतरावांपुरतं बोलायचं तर उत्तर मोकळं नाही. कापसाचा नसलेल्या तालुक्यात त्यांनी शेतकऱ्यांची सहकारी सूतगिरणी उभी केली आणि चालवून दाखवली. नागनाथअण्णा नायकवडींच्या बरोबरीनं आटपाडीच्या पाणी परिषदांत कृष्णेच्या पाण्यासाठी वर्षानुवर्षं उभे राहिले. पण १९७८ आणि १९९९ मधली मंत्रिपदं सोडली, तर त्यांची बहुतेक वर्षं विरोधी बाकांवर गेली, आणि ते बाकही आखूड होत गेलं. लाल बावट्याचा पक्ष विरत चालला होता, तरी ते हलले नाहीत.

त्यांच्या या न हलण्याची किंमत कुणी भरली? आत्यानं भरली, असं म्हणता येईल. टँकरच्या मागं हंडा घेऊन पळणारी ती. कालव्याचा निधी सत्तेच्या दारातूनच येतो हे तिला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. तत्त्व आबासाहेबांचं आणि तहान तिची, असा हा हिशेब आहे. पक्ष सोडणारा प्रत्येक आमदार 'मतदारसंघाच्या कामांसाठी' असं म्हणतो तेव्हा आपण हसतो. पण त्या वाक्यात अगदीच काही नसतं, असं मला म्हणवत नाही.

आबासाहेब गेल्यानंतर वर्षही उलटलं नव्हतं, तेव्हा हेच सांगोला सगळ्या महाराष्ट्राच्या तोंडी गेलं. १९९५ ला काँग्रेसकडून त्यांना हरवणारे शहाजीबापू पाटील २०१९ ला शिवसेनेकडून निवडून आले होते. जून २०२२ मध्ये ते गुवाहाटीला होते, आणि झाडी, डोंगर, हॉटेल यांचं वर्णन करणारा त्यांचा फोन घरोघर ऐकला गेला. मीही तो हसत हसत पुढे पाठवला. नंतर जाणवलं, की त्या हसण्यात मी एक गोष्ट विसरलोय : मत म्हणजे काय?

मला वाटतं, मत ही ठेव आहे. पाच वर्षं ती मला परत मागता येत नाही. म्हणून ज्याच्याकडे ठेवली त्यानं ती उचलून दुसऱ्या पेढीत नेऊ नये, मग तिथं व्याज जास्त का मिळेना. व्याज कमी पडत असेल, तर पेढी बदलण्याचा हक्क ठेवीदाराचा. गणपतरावांची निष्ठा मला या अर्थानं मोठी वाटते. शेकापचं भलं झालं की नाही, हा वेगळा विषय. (२०२४ ला त्यांचे नातू बाबासाहेब शेकापकडूनच निवडून आले, ठेव वारसाच्या नावावर जाते का, हे पुन्हा केव्हातरी.) मुद्दा इतकाच, की ते जागेवर होते म्हणूनच आत्याला त्यांना पाडता आलं. आणि तिचं ते मत मला बेईमानी वाटत नाही. उपकार म्हणून दिलेलं मत हे मतच नव्हे.

हे सगळं मी तिला सांगायला गेलो. तिनं मध्येच थांबवलं.

"नव्याण्णवला परत दिलं की त्यांनाच," ती म्हणाली.

का, म्हणून विचारलं.

"का म्हंजी? आबासायेब कुठं गेलं न्हवतं. त्याच बावट्याखाली हुबं व्हतं."

"आणि पाणी?"

"पाणी तवाबी न्हवतं," आत्या म्हणाली.