स्वस्ताईचे मोल

मृग लागायच्या आधी खेड्यात मोठी आवराआवर चालते. गोठ्यातला मोडका कुळव, तिफणीचे चाडे, बैलगाडीच्या चाकांच्या धावा, पाठीवरचा पितळी फवारणी पंप, जळालेली पाण्याची मोटर, ठिबकच्या फाटक्या नळ्या, सारे अंगणात येऊन पडते. ट्रॅक्टर आल्यापासून हा ढीग वाढला आहे. आजोबांचे औजार नातवाला अडगळ वाटते. मग भंगारवाला येतो, तराजू लावतो आणि दुपारपर्यंत अंगण मोकळे होते. त्यातले काही पुढे तालुक्याच्या बाजारात जुन्या मालात पुन्हा दिसते. दुसरा शेतकरी ते निम्म्या किमतीत घेतो आणि समाधानाने घरी जातो.

हा व्यवहार मुळात चांगलाच आहे. कुरआनच्या १७व्या सूरेत उधळपट्टीची कडक निंदा आहे. एकाने टाकलेली वस्तू दुसऱ्याच्या कामी येणे हे त्या शिकवणुकीला धरूनच आहे. भंगाराच्या आणि जुन्या मालाच्या धंद्यात आपल्या समाजातले अनेकजण आहेत. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. प्रश्न वेगळाच आहे. वस्तू स्वस्त मिळाली, पण ती स्वस्त का मिळाली?

याची तीन कारणे संभवतात. वस्तू झिजलेली असते, म्हणून किंमत उतरते. ही स्वस्ताई स्वच्छ आहे. दुसरे कारण म्हणजे विकणाऱ्याला खरी किंमत ठाऊक नसते. तिसरे म्हणजे तो नडलेला असतो. या दोन ठिकाणी आपण पैसे वाचवतो ते वस्तूवर नव्हे, माणसावर.

जळालेल्या मोटरीचेच पाहा. तिच्या पोटात तांब्याची तार असते. तांब्याचा भाव लोखंडाच्या दहा पटींहून अधिक आहे. घरधनी वारल्यावर एखादी बाई ती मोटर लोखंडाच्या भावाने काट्यावर ठेवते आणि घेणारा गप्प राहतो. तो खोटे बोललेला नाही. वजनातही मारलेले नाही. सूरह मुतफ्फिफीनमध्ये मापात पाप करणाऱ्यांना दिलेला इशारा आपल्याला लागू नाही, असे तो म्हणू शकेल. पण मौनाचा नफा हलाल ठरतो का?

प्रेषित मुहंमद (स.) यांच्या काळी बाहेरगावचे तांडे माल घेऊन येत. बाजारभाव कळण्याआधीच त्यांना वाटेत गाठून माल घेण्यास प्रेषितांनी मनाई केली. कोणी तसा घेतलाच, तर बाजारात पोचल्यावर सौदा मोडण्याचा हक्क विकणाऱ्याला दिला. भंगारवाल्याला दारोदार फिरण्याची मनाई यातून निघत नाही. पण त्या मनाईमागची काळजी उघड आहे: विकणाऱ्याच्या अज्ञानावर कोणी नफा कमावू नये.

यावर कोणी म्हणेल, भंगारवालाही हातावर पोट असलेलाच आहे. दिवसभर उन्हात फिरतो, वरच्या व्यापाऱ्याने ठरवलेल्या भावाने माल देतो. मालाची पारख हेच त्याचे भांडवल. ते फुकट का वाटावे? आक्षेप खरा आहे. नफा घेणे पाप नाही. महागाई झाली तेव्हाही प्रेषितांनी भाव ठरवून देण्यास नकार दिला होता. श्रमाचा, गाडीभाड्याचा, जोखमीचा मोबदला त्याने जरूर घ्यावा. तांबे आहे हे सांगून, तार काढण्याची मजुरी कापून पैसे देता येतात. मजुरीचा नफा आणि मौनाचा नफा यांत फरक आहे, आणि तो धंदा करणाऱ्याला आपल्यापेक्षा अधिक कळतो.

हीच कसोटी विकणाऱ्यालाही लावली पाहिजे. प्रेषितांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला तेव्हा आत ओल लागली. वर कोरडे, खाली भिजलेले. भिजलेले वर का ठेवले नाही, असे त्यांनी विचारले. तडा गेलेल्या पंपाला रंग फासून तो विकणारा शेतकरी त्याच राशीचा मालक आहे.

नडीचा प्रश्न अधिक अवघड आहे. पेरणीसाठी पैसे नाहीत म्हणून कोणी डिझेल इंजिन विकायला काढतो. ते घेऊ नये असे म्हणावे, तर त्याची नड तशीच राहते. म्हणून घ्यावेच, पण तो नडलेला नसता तर जो भाव दिला असता, तोच द्यावा. जरीर बिन अब्दुल्लाह या सहाबींची हकीकत तबरानींनी नोंदवली आहे. त्यांच्यासाठी ३०० दिरहमांना घोडा ठरला होता. घोडा पाहून त्यांनी मालकाला सांगितले की हा याहून मोलाचा आहे, आणि स्वतःच किंमत वाढवत ८०० पर्यंत नेली. प्रत्येक मुसलमानाशी खैरख्वाहीने वागण्याचा शब्द त्यांनी प्रेषितांना दिला होता.

एवढी उंची सर्वांना गाठता येणार नाही. पण स्वस्तात मिळालेली वस्तू शेजाऱ्याला कौतुकाने दाखवताना एक प्रश्न स्वतःला विचारता येईल: विकणारा आत्ता इथे येऊन उभा राहिला, तर हीच किंमत आपण त्याच्या देखत तेवढ्याच मोठ्याने सांगू का? सांगता आली, तर त्या सौद्यात बरकत आहे.