एका पईचा हिशोब

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तभक्तहो,

मार्गशीर्ष पौर्णिमेला आपण पाळण्याची दोरी ओढतो आणि आरती म्हणतो. ती दत्ताची आरती संत एकनाथांची. त्यांचे सद्गुरू जनार्दनस्वामी हे देवगिरीच्या किल्ल्याचे अधिकारी आणि निस्सीम दत्तोपासक. स्वामींनी नाथांना उपासना दिली, तसे दफ्तराच्या जमाखर्चाचे कामही दिले. एकदा म्हणे हिशोबात एक पई जुळेना. नाथ दिवा लावून रात्रभर बसले. चूक सापडली तेव्हा आनंदाने टाळ्या वाजवू लागले. स्वामी म्हणाले, एका पईसाठी एवढे चित्त लागले, तेच भगवंताकडे लाव.

ही कथा आपण एकाग्रतेची म्हणून ऐकतो, आणि ती तशी आहेच. पण माझी उमेदीची वर्षे बँकेत आकडे जुळवण्यात गेली, म्हणून मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. गुरूंच्या घरी जमाखर्च होता आणि तो नीट ठेवला जात होता. पैशाचा हिशोब ठेवला म्हणून भक्ती कमी होत नाही.

आपल्या भाषेत 'पत' हा शब्द किती छान आहे पाहा. पत म्हणजे कर्ज मिळण्याची लायकी आणि पत म्हणजे अब्रूसुद्धा. म्हणून तर पतपेढी, पतसंस्था. आता ही पत सिबिलच्या 300 ते 900 या गुणांत मोजतात. हप्ता चुकला की गुण घसरतात. पण त्याच्या आधी घसरते ती रात्रीची झोप.

सण आला की टेंभी नाक्यापासून जांभळी नाक्यापर्यंत बाजार फुललेला असतो. हौस असावी, पण ती उधारीची नसावी. श्रीगुरुचरित्रातला भास्कर आठवा. गरीब माणूस, गाणगापुरी स्वामींना भिक्षा घालायला आला. जवळ शिधा जेमतेम तिघांपुरता, तो उशाशी घेऊन झोपायचा. लोक हसले. स्वामींनी त्याला आणले तेवढ्यातच स्वयंपाक करायला लावले आणि चार हजार माणसे जेवली. चमत्कार गुरूंचा, पण शिधा भास्करच्या घरचा होता, हे विसरू नका. त्याने सावकाराचे दार ठोठावले नव्हते. आपण मात्र मुंज, बारसे, पारणे यांसाठी कार्ड घासतो आणि 'दत्त बघून घेईल' म्हणतो.

आता कार्डाचे गणित बघा. समजा 50,000 रुपये थकले आहेत आणि व्याज महिन्याला साडेतीन टक्के. बिलावर 'किमान रक्कम 2,500' असे छापलेले असते. ती भरली की हायसे वाटते. पण त्यातले 1,750 व्याजात गेले, व्याजावरच्या 18 टक्के जीएसटीचे 315 गेले. मुद्दल फिटले फक्त 435 रुपये! आणि थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागते. म्हणून अशी थकबाकी असेल तर घरातली एखादी ठेव मोडावी लागली तरी मोडा, आधी ती फेडा. ठेवीवर वर्षाला सात टक्के मिळवायचे आणि कार्डावर बेचाळीस द्यायचे, यात शहाणपण कसले?

आपल्या वयाच्या माणसांपुढे खरा प्रसंग येतो तो वेगळाच. भाचा येतो, पाया पडतो आणि म्हणतो, "मामा, पैसे नकोत, फक्त जामीन म्हणून सही हवी." नाही कसे म्हणायचे? बहिणीला काय वाटेल? पण 1872 च्या करार कायद्याचे 128 वे कलम सांगते की जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते, करारात वेगळे ठरले नसेल तर. भाच्याने हप्ते थकवले तर बँक थेट तुमच्याकडे येऊ शकते, आधी त्याच्याकडे वसुली करून पाहिलीच पाहिजे असे नाही. ते कर्ज तुमच्याही पत-अहवालात दिसते.

मग करायचे काय? सहीच्या आधी देवापुढे बसून स्वतःला विचारा, "हे सगळे कर्ज उद्या मला फेडावे लागले, तर फेडता येईल का? बायकोच्या औषधपाण्याला हात न लावता?" उत्तर हो असेल तर खुशाल सही करा. नसेल तर भाच्याला जवळ बसवून मायेने नाही म्हणा आणि जमेल तेवढी रक्कम परत न मागण्याच्या बोलीने हातात ठेवा. नाते सहीने टिकत नाही. उलट वसुलीची नोटीस आल्यावर बहीणभावाचे बोलणे बंद झालेली घरे आपल्या आसपास थोडी नाहीत.

यंदाच्या दत्तजयंतीला एक छोटा संकल्प करू या. संध्याकाळी दिवा लावला की पाच मिनिटे वही उघडायची आणि दिवसाचा खर्च लिहायचा. कुठे किती ठेव आहे, कोणाचे किती देणे आहे, कोणाला जामीन आहोत, हे पतिपत्नी दोघांनाही माहीत हवे. वर्षातून एकदा आपला पत-अहवाल विनामूल्य मिळतो, तो मुलाकडून किंवा सुनेकडून मागवून घ्या. आपण न घेतलेले कर्ज आपल्या नावावर दिसले तर तक्रार वेळेत करता येते.

देणे फिटलेल्या माणसाचे मन जपाला लवकर बसते. माळ ओढताना हप्त्याची तारीख आठवू नये, एवढेच मागणे दत्तमहाराजांच्या चरणी.

अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त!